गेनबिटकॉइन प्रकरण : आभासी चलनातील फसवणुकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तुत लेखात आभासी चलनातील फसवणुकीचा गेनबिटकॉइन प्रकरणाच्या आधारे विचार केला आहे. अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत बिटकॉइनच्या गुंतवणुकीवर दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आश्वासन होते. वास्तविक बिटकॉइन निर्मितीचे उत्पन्न कधीच निश्चित नसते. नव्या सभासदांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देण्याची ही रीत चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये बोस्टन येथे वापरली होती.

मग गुंतवणूकदार का फसतात? आखाडा बाळापूरसारख्या गावातील भिशी परस्परांच्या ओळखीवर चालते. तेथे पैसा कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असते. साखळी योजनेत मात्र ओळख केवळ सभासद करून घेणाऱ्या नातलगाशी वा मित्राशी असते, पैसा अनोळखी हाती जातो.

पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये भारद्वाज यास अटक केली. २०२२ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, त्याचे निधन झाले. त्याच वर्षी तपासास साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त चलन वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली.

सारांश, कायदा नुकसानीनंतर पोहोचतो. म्हणून निश्चित परताव्याचे आश्वासन हाच धोक्याचा पहिला इशारा मानणे आवश्यक ठरते.