२५ मे २००४ : ज्येष्ठता यादीतली एक तारीख

सरकारी खात्यांत दरवर्षी १ जानेवारीची स्थिती दाखवणारी ज्येष्ठता यादी काढायची असते. नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, सेवेत आल्याची तारीख, सध्याच्या हुद्द्यावर आल्याची तारीख, असे तिचे रकाने. बाहेरच्या माणसाला ती वाचवणार नाही. आतल्या माणसाचा मात्र पगार, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा आणि पेन्शन त्या एका ओळीत असतं. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद भाषणांत जातींचा वाद म्हणून गाजतो. कागदावर तो या यादीतल्या तारखांचा वाद आहे. महाराष्ट्रात त्यातली सगळ्यात गाजलेली तारीख म्हणजे २५ मे २००४.

मी उपनगरात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. महसूल खात्यात, पालिकेत, रेल्वेत नोकरी करणारे आपले लोक भेटतात. हा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : "सर, हे एससी आणि ओपनवाल्यांचं भांडण आहे. आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जुना आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्यांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा राखल्या. त्या हुकुमात मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. म्हणजे मुसलमान त्यात होतेच. पुढे ब्रिटिश सरकारने ४ जुलै १९३४ च्या ठरावाने केंद्रीय सेवांच्या थेट भरतीत २५ टक्के जागा मुस्लिमांना दिल्या. ही गोष्ट आपल्याकडे अनेकदा अभिमानाने सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही : तो ठराव पदोन्नतीला लागू नव्हता. दारातून आत घेतलं, जिना ज्याचा त्याने चढायचा. राखीव जागा दाराशी संपते की जिन्यावरही असते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

स्वतंत्र भारतात त्याचं पहिलं मोठं उत्तर रेल्वेतून आलं. दक्षिण रेल्वेच्या रंगाचारी खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदोन्नतीतलं आरक्षण वैध धरलं. एकतीस वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात, म्हणजे इंद्रा साहनी खटल्यात, न्यायालयाने ते अमान्य केलं आणि चालू असलेलं पाच वर्षांपुरतं राहू दिलं. संसदेने १९९५ मध्ये ७७वी घटनादुरुस्ती करून अनुसूचित जाती-जमातींसाठी ते परत आणलं. इथवर गोष्ट सरळ आहे. गुंता ज्येष्ठतेने झाला.

तो उदाहरणाने सांगतो. एखाद्या तहसील कार्यालयात अ आणि ब एकाच वर्षी कारकून म्हणून लागले. यादीत अ पाचवा, ब पंधरावा. अ खुल्या प्रवर्गातला, ब अनुसूचित जातीचा. बिंदुनामावलीत राखीव बिंदू आला आणि ब आधी अव्वल कारकून झाला. अ तीन वर्षांनी झाला. आता नायब तहसीलदाराची जागा निघाली. अव्वल कारकुनांच्या यादीत पुढे कोण? ब म्हणेल, या हुद्द्यावर मी आधी आलो. अ म्हणेल, मुळात मी पुढे होतो, आता मी त्याला गाठलं आहे. (कारकून, अव्वल, नायब, तहसीलदार, हुद्दा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मुरले. भांडणाचे शब्द मात्र नवे आणि संस्कृत : पदोन्नती, सेवाज्येष्ठता, बिंदुनामावली. वर्गात मुलांना हे सांगतो तेव्हा ती हसतात.)

१९९५ मध्येच रेल्वेच्या मालगाड्यांवरच्या गार्डांच्या वीरपाल सिंह चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अ ची बाजू घेतली. मागून आलेल्या खुल्या प्रवर्गातल्या माणसाने गाठलं की त्याची जुनी ज्येष्ठता परत येते, असा नियम झाला. १९९९ च्या अजितसिंग निकालाने तो पक्का केला. मग संसदेने ८५वी दुरुस्ती आणली आणि ती १७ जून १९९५ पासून मागे नेऊन लागू केली : पदोन्नती मिळाली की तिच्याबरोबरची ज्येष्ठताही मिळणार. ब पुढेच राहणार.

माझं मत विचाराल तर ८५वी दुरुस्ती बरोबर होती. ज्येष्ठतेशिवायची पदोन्नती म्हणजे पाहुण्याला दिवाणखान्यात बसवून जेवायच्या वेळी पुन्हा ओटीवर पाठवणं. पण अ ला मी खलनायक मानत नाही. तोही पंधरा-वीस वर्षं एकाच टेबलावर घासलेला असतो आणि त्याच्या पुढची जागा कधी निघेल हे त्याच्या हातात नसतं.

ही भांडणं आरक्षणाने जन्माला घातली, असंही कोणी समजू नये. हैदराबाद संस्थानातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलेल्या मराठवाड्याच्या तहसीलदारांनी आपल्या ज्येष्ठतेसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. तो रामचंद्र शंकर देवधर खटला. महाराष्ट्राच्या अभियंत्यांत थेट भरतीचे विरुद्ध बढतीने आलेले असा झगडा १९७७ च्या पटवर्धन निकालापासून १९९० च्या घटनापीठापर्यंत चालला. त्यात जातीचा काही संबंध नव्हता. यादी आली की भांडण येतंच.

आता महाराष्ट्र. पदोन्नतीत राखीव जागा आपल्याकडे १९७४ पासून होत्या. २००१ चा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला आणि २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीचे टक्के ठरले : अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २. एकूण ३३. इतर मागासवर्ग, म्हणजे ओबीसी, यात नाही. थेट भरतीत त्यांना १९ टक्के आहेत, बढतीत शून्य.

इथे आपण येतो. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली आणि १९९४ मध्ये राज्य सरकारने मुस्लीम ओबीसींना सवलती लागू केल्या. त्यामुळे मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी यांची मुलं राखीव जागेवर नोकरीत जाऊ शकली. पण दारातून आत गेल्यावर त्यांच्यासाठी अजून १९३४ च चालू आहे. उलट छप्परबंद विमुक्त जातींत आहेत आणि मदारी-गारुडी भटक्या जमातींत, त्यामुळे त्यांना २००४ च्या निर्णयाने जिन्यावरही राखीव पायरी मिळाली. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आणि खाटीक. हिंदू खाटीक महाराष्ट्रात अनुसूचित जातीत. तोच धंदा करणारा मुस्लीम कसाई ओबीसीत. कारण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यात शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये घेतलं गेलं. मुस्लीम आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. दोघे एकाच दिवशी कारकून झाले तर एकाची ज्येष्ठता वाढत जाईल आणि दुसऱ्याची रांगेत राहील.

२००४ चा निर्णय दहा वर्षं चालला. दरम्यान १९ ऑक्टोबर २००६ रोजी एम. नागराज खटल्याचा निकाल आला. त्याने ७७वी आणि ८५वी दुरुस्ती वैध धरली, पण राज्यांवर अट घातली : पदोन्नतीत आरक्षण द्यायचं तर मागासलेपण, अपुरं प्रतिनिधित्व आणि प्रशासनाची कार्यक्षमता यांविषयी मोजलेली माहिती दाखवा. कोणत्या हुद्द्यावर कोणाचे किती लोक आहेत ते मोजा, एवढंच त्याचं सोपं मराठी. सरकारकडे पगाराची बिलं असतात, याद्या असतात. मोजायला अवघड काय होतं? महाराष्ट्राने मोजलं नाही.

२८ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे मॅटने, २५ मे २००४ चा निर्णय रद्द केला. विजय घोगरे यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तो रद्दच धरला. पदोन्नतीत आरक्षण देताच येत नाही, असं त्यामागचं कारण नव्हतं. सरकारकडे आकडे नव्हते. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २०१७ पासून खुल्या जागांवर बढत्या सुरू झाल्या, राखीव जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या. ब प्रवर्गात पात्र, जागा रिकामी, आणि तरी तो जिथल्या तिथे. या काळात किती माणसं त्याच हुद्द्यावर निवृत्त झाली असतील त्याचा विचार करून पाहा. निवृत्त माणसाला मानीव दिनांक देऊन कागदावर बढती देता येते, पण त्या खुर्चीत त्याला बसवता येत नाही.

शेजारच्या कर्नाटकात काय झालं? त्यांचा ज्येष्ठतेचा कायदाही ९ फेब्रुवारी २०१७ रोजी पवित्रा खटल्यात याच कारणाने पडला. त्यांनी त्याच वर्षी रत्नप्रभा समिती नेमली, खातेवार मोजणी केली, नवा कायदा केला, आणि १० मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तो निकाल धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. वर सांगितलेला अभियंत्यांचा १९७७ चा पटवर्धन निकाल लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड. ज्येष्ठतेचा वाद दोन पिढ्या एका घराच्या टेबलावर येऊन गेला.

महाराष्ट्राने दुसरा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये राखीव ३३ टक्के जागा बाजूला ठेवून बाकीच्या भरायचं ठरलं होतं. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने तेही मोडलं : पदोन्नतीच्या सगळ्याच जागा सेवाज्येष्ठतेने भरायच्या, आणि ज्येष्ठता धरायची २५ मे २००४ च्या स्थितीची. म्हणजे त्या तारखेनंतर राखीव बिंदूवर बढती घेतलेल्या माणसाची मधली सतरा वर्षं पुढच्या बढतीसाठी नाहीशी. जो निर्णय न्यायालयाने पाडला त्याचीच तारीख आता उलट्या बाजूने वापरली गेली. सरकारमध्ये असलेले काँग्रेसचे मंत्री नितीन राऊत यांनी उघड विरोध केला. मागासवर्गीय कर्मचारी रस्त्यावर आले. लॉकडाऊनचे दिवस होते, त्यामुळे गर्दी दिसली नाही, पण राग होता.

पुढे २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जर्नैल सिंग प्रकरणात मोजणीचं एककही सांगून टाकलं : सबंध सेवा किंवा गट नव्हे, तर ज्या संवर्गातल्या पदावर बढती द्यायची तो संवर्ग. अव्वल कारकुनांचे आकडे अव्वल कारकुनांत मोजा, खालच्या सगळ्यांची बेरीज दाखवून चालणार नाही.

हे एकक आपल्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते सच्चर अहवालात दिसतं. २००६ च्या त्या अहवालानुसार रेल्वेत मुस्लीम कर्मचारी ४.५ टक्के, आणि त्यांतले ९८.७ टक्के खालच्या पदांवर. नुसता पहिला आकडा सांगितला तर कोणी म्हणेल, चला, थोडे तरी आहेत. दुसरा आकडा जिन्याचा आहे.

आपल्या घरातलंही थोडं बोलायला हवं. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापकांच्या २४ टक्के जागा मागासवर्गीयांसाठी आहेत आणि बाकीची बढती ज्येष्ठतेच्या क्रमाकडे पाहून होते. अल्पसंख्याक शाळेला मात्र कायद्याने मोकळीक आहे : मुख्याध्यापक संस्थेच्या पसंतीचा, यादीत तो कुठेही असो. ही मोकळीक आपली संस्कृती आणि भाषा जपण्यासाठी मिळाली. प्रत्यक्षात तिचा उपयोग कधी कधी संस्थाचालकाच्या जावयाला होतो. राखीव बिंदूवर कोणी पुढे गेला की "रांग मोडली" म्हणणारे आपले शिक्षक तिथे गप्प बसतात. बीएडची तारीख आधीची, नोकरीची तारीख आधीची, तरी जावयाला मुबारकबाद देऊन पुन्हा पाचव्या तासाला वर्गावर जातात.

मोजणीवरच परत येतो. महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अहवाल दिला आणि ८ टक्के आरक्षण सुचवलं. जुलै २०१४ मध्ये सरकारने अध्यादेशाने ५ टक्के दिलं. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातले ५ टक्के तूर्त चालू ठेवले, नोकरीतल्यांना स्थगिती दिली. चौदा दिवसांनी मॅटचा निकाल आला. म्हणजे एकाच महिन्यात आपल्यासाठी नोकरीचं दार लागलं आणि दलित-भटक्यांसाठी जिना. एका बाबतीत समितीचा अहवाल असून सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि मार्च २०१५ मध्ये ते आरक्षण कागदोपत्रीही संपवलं. दुसऱ्या बाबतीत कायदा होता, आकडे नव्हते. त्या नोव्हेंबरात आपल्या सभांमध्ये फक्त पहिल्या निकालावर भाषणं झाली. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांत फक्त दुसऱ्यावर.