तळटीप : ‘केवळ तिसऱ्या श्रेणीचे हरिकेन’

* अटलांटिकमधल्या तीव्र चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. आपल्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांचेच हे भावंड. अभियंते हर्बर्ट सॅफर आणि हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांच्या मोजपट्टीत पाच श्रेणी आहेत : वारा ताशी ११९ किलोमीटरला पोचला की पहिली, २५२ किंवा त्यापुढे पाचवी. पण ही पट्टी वारा मोजते, पाणी नव्हे. म्हणून लेखकाचा ‘केवळ’ फसवा आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना लुइझियानाच्या किनाऱ्याला लागले ते तिसऱ्या श्रेणीत उतरूनच; तरी शेजारच्या मिसिसिपीत समुद्र आठ मीटरांहून उंच चढला, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले. आपले हवामान खाते वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरते, अमेरिका एका मिनिटाची. तेव्हा दोन्हीकडचे आकडे वाचकांनी थेट ताडून पाहू नयेत. — संपा.