सनद आणि पत्ता : स्वयंसेवी पोलिसांची ओळख व माहितीचा अधिकार

पगारी नोकरी न पत्करता गरजेच्या वेळी पोलिसांचे काम अंगावर घेणाऱ्या नागरिकाचे स्थान आपल्याकडे नेहमीच दुहेरी राहिले आहे. बंदोबस्तावर उभा असताना तो कायद्याच्या दृष्टीने पोलीसच असतो. पाळी संपली की तो पुन्हा रिक्षाचालक, शेतमजूर किंवा दुकानातला नोकर होतो आणि दुपारी ज्या वस्तीतला जमाव त्याने पांगवला, त्याच वस्तीत रात्री मुक्कामाला जातो. अशा माणसाचे नाव सरकारी दप्तरातून कोणी मागितले तर ते द्यावे काय, आणि दिले तर त्यासोबत घरचा पत्ताही द्यावा काय, हा प्रश्न २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने उभा केला असे सहसा मानले जाते. पण त्याची मुळे या कामाच्या इतिहासातच खोलवर गेलेली आहेत.

जुन्या गावगाड्यात रखवाली हे वतन होते, म्हणजे पिढीजात काम आणि त्यापोटी मिळणारा पिढीजात हक्क. पाटील, जागल्या आणि रामोशी यांची नावे, घराणी व हक्क सगळ्या गावाला तोंडपाठ असत. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. माग आपल्याच हद्दीत विरला, तर नुकसानीचा जाब रखवालदाराला आणि गावाला द्यावा लागे. ओळख उघड असणे हाच तेथे जबाबदारीचा पाया होता. मात्र ही उघड ओळख जातीने लादलेली होती, ती कोणी आपखुशीने स्वीकारलेली नव्हती, हे विसरून त्या व्यवस्थेचे कौतुक करता येणार नाही. इंग्रजी अमदानीत १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटलाच्या या कामाला कायद्याची चौकट दिली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचा वंशपरंपरागत हक्क संपवला आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा मानधनावरचा पोलीस पाटील आणला.

शहरी स्वयंसेवी पोलिसाची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली. इंग्लंडमध्ये १८३१ च्या कायद्यानुसार दंगलीच्या प्रसंगी नागरिकांना शपथ देऊन तात्पुरते शिपाई नेमले जात, आणि तेथील प्रतिष्ठितांना त्यात भूषण वाटे. पुढे फ्रान्सचा सम्राट झालेल्या लुई नेपोलियननेही १८४८ साली लंडनमध्ये अशी शपथ घेतली होती. हीच कल्पना हिंदुस्थानात १८६१ च्या पोलीस कायद्यातून आली, तेव्हा तिचा रंग बदलला. त्या कायद्याच्या कलम १७ ने दंगलीची भीती असेल तेथील रहिवाशांना विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची मुभा दिली, कलम १८ ने त्यांना नेहमीच्या पोलिसाचेच अधिकार दिले आणि कलम १९ ने काम नाकारणाऱ्याला ५० रुपयांपर्यंत दंड ठेवला. जे काम नाकारल्यास दंड होतो त्याला स्वयंसेवा म्हणणे अवघडच आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात पूर्व बंगालात चळवळीशी संबंधित वकिलांना व प्रतिष्ठित नागरिकांना अशा नेमणुका देण्यात आल्या, त्या मदतीपेक्षा मानहानीसाठी अधिक होत्या. नाव चारचौघांत जाहीर होणे ही येथे शिक्षाच ठरली.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातील कलम २१ ने १८ ते ५० वयाच्या धडधाकट माणसाला सही-शिक्क्याच्या लेखी आदेशाने विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद केली आणि त्याला प्रमाणपत्र देणे आवश्यक ठरवले. या प्रमाणपत्राचे महत्त्व मोठे आहे. समोरच्याने अडवले तर त्याचा अधिकार कोठून आला हे विचारण्याचा नागरिकाचा हक्क त्या कागदात मान्य झालेला आहे, आणि तोही माहिती अधिकाराच्या अर्धशतक आधी.

त्याआधीच मुंबईत गृहरक्षक दल, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेले होमगार्ड, उभे राहिले होते. जातीय दंगलींनी शहर होरपळत असताना, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असण्याच्या काळात, ६ डिसेंबर १९४६ रोजी ही संघटना स्थापन झाली आणि १९४७ च्या मुंबई होमगार्ड अधिनियमाने तिला कायद्याचे रूप आले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तिचा देशभर विस्तार झाला. यातले सदस्य ‘मानसेवी’ असतात, म्हणजे त्यांना वेतन नसते, पाचारण झालेल्या दिवसांचा कर्तव्य भत्ता असतो. परंतु पाचारण झाल्यावर त्यांना पोलिसाचे अधिकार आणि पोलिसाचेच कायदेशीर संरक्षण मिळते. मानसेवी या शब्दामागे दडलेली आर्थिक विषमता सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या प्रकरणात २०१५ साली उघडी केली : ते नियमित कर्मचारी नाहीत, पण त्यांचा दैनिक भत्ता इतका असावा की ३० दिवसांचा हिशेब पोलीस शिपायाच्या किमान वेतनाएवढा भरेल.

ओळख उघड होण्याचा धोका किती भयानक असू शकतो, हे गडचिरोलीच्या शेजारी बस्तरमध्ये दिसले. तेथे माओवाद्यांविरुद्ध सुमारे साडेसहा हजार स्थानिक आदिवासी तरुणांना दरमहा ३,००० रुपये मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमण्यात आले होते. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने माओवाद्यांविरुद्धच्या कारवाईतला त्यांचा वापर घटनाबाह्य ठरवला आणि त्यांच्या हातची शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला; पण त्याच निकालात या तरुणांच्या जिवाचे रक्षण करण्याची जबाबदारीही राज्यावर टाकली. भरतीची संख्या, शिक्षणाची अट, प्रशिक्षण, मानधन, शस्त्रे या सर्वांची झाडाझडती खुल्या न्यायालयात झाली आणि त्यासाठी एकाही तरुणाच्या घराचा पत्ता चव्हाट्यावर आणावा लागला नाही. माहिती आणि गोपनीयता यांचा मेळ घालण्याचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

माहिती अधिकार कायद्याने हाच मेळ कलमांत बांधला होता. जिवाला धोका होईल अशी माहिती कलम ८(१)(छ) नुसार नाकारता येते. कलम ८(१)(ञ) खाली सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती रोखता येई, परंतु व्यापक लोकहित असेल तर ती देता येई. कलम १० नुसार कागदाचा रोखण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. व्यवहारात याचा अर्थ काय, हे बंदोबस्ताच्या एखाद्या हजेरीपटावरून कळते. त्यावर सदस्याचे नाव, सनद क्रमांक, पथक, नेमणुकीचे ठिकाण, पाळीची वेळ आणि भत्ता असतो. दप्तरात त्याच्याच मागे मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि घरचा पत्ता जोडलेला असतो. पहिला भाग सरकारी कामाचा आहे. भत्त्याची उचल खरोखर हजर असलेल्याच्या नावे झाली की कागदावरच्या माणसाच्या, मारहाणीची तक्रार झाली तेव्हा त्या नाक्यावर कोण होते, हे त्यावाचून कळणार नाही. दुसरा भाग त्याच्या कुटुंबाचा आहे.

दुर्दैवाने कायद्याचा काटा पुढे एका बाजूला झुकत गेला. गिरीश देशपांडे प्रकरणातील २०१२ च्या निकालाने कर्मचाऱ्याला मिळालेल्या शिक्षा व नोटिसा या मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यातली बाब मानल्या, आणि अनेक कार्यालयांनी तो निकाल नकाराची ढाल केला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, हे योग्यच झाले. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, ज्याची ही तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, खंड (ञ) मधून लोकहिताची तुलना गाळून टाकली आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढाच निकष ठेवला. हा बदल चुकीचा आहे. गणवेशावर मिरवलेले नाव दप्तरात शिरताच खाजगी होते, असे मानणे मानसेवी सदस्याच्याही हिताचे नाही, कारण ज्याची हजेरी कोणालाच पाहता येत नाही त्याचा भत्ता बुडाला तरी कोणाला कळत नाही.

गोपनीयतेची गरज अर्जदारालाही असते. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली अर्जदाराला घरच्या पत्त्याऐवजी टपालपेटी क्रमांक देण्याची मुभा मान्य केली. जी सावली अर्ज करणाऱ्याला मिळते ती बंदोबस्तावरच्या माणसालाही मिळावी. म्हणून अर्जदाराने साऱ्या जिल्ह्याच्या होमगार्डांची यादी मागू नये. दिनांक, ठिकाण आणि पाळी लिहून त्या दिवसाच्या हजेरीपटाची प्रत मागावी. जन माहिती अधिकाऱ्याने पत्ता, मोबाइल क्रमांक व बँक खाते झाकून ती प्रत द्यावी. होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८(२) आजही कायद्यात कायम आहे.