राजा जेव्हा प्रश्न विचारतो

छत्रपती संभाजीनगरला बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे, आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. एक नाव प्रश्न विचारणाऱ्याचं, दुसरं उत्तर देणाऱ्याचं. आज या दोघांविषयी बोलू.

मिलिंद म्हणजे मिनांडर, इ. स. पूर्व २ऱ्या शतकातला यवन राजा. राजधानी सागल, बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचं सियालकोट. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा राजा वादाचा भारी शौकीन दिसतो. श्रमणांना गाठायचं, पेचात धरायचं, आणि ते गप्प झाले की सगळं जंबुद्वीपच पोकळ ठरवून मोकळं व्हायचं! यात जिज्ञासा किती आणि मौज किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग त्याला भेटतो भिक्षू नागसेन. हा काय करतो, तर अट घालतो. पंडितांच्या रीतीनं बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीनं असेल तर नाही. फरक काय? पंडितांच्या चर्चेत गाठ मारली जाते, सोडवली जाते, कुणाचं तरी खंडन होतं, आणि तरी कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात, आणि जो नाही म्हणेल त्याला दंड फर्मावतात.

आता बघा, हे तो तोंडावर सांगतोय, ते खुद्द राजाला. आम्ही इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण सौजन्याची इतकी नेमकी व्याख्या आम्हाला क्वचितच सापडली. गोड बोलण्याचा यात संबंधच नाही. हातातला दंड आधी खाली ठेवा, एवढंच मागणं आहे. आणि मिलिंद ते मान्य करतो. एखाद्या श्रामणेराशी, अगदी विहारातल्या सेवकाशी बोलता तसं माझ्याशी निर्धास्त बोला, म्हणतो.

पुढे तर गंमतच आहे. राजा म्हणतो, विचारतो. विचारा. विचारलं. उत्तर दिलं. काय उत्तर दिलंत? तुम्ही काय विचारलंत? प्रश्नच न मांडता उत्तराची वाट पाहणारे आपणही पाहिलेत की!

राजा यावर चिडत नाही. संध्याकाळ होत आली म्हणून तो उद्याचं आमंत्रण देतो, वाड्यावर या. दुसऱ्या दिवशी एक अमात्य सुचवतो, नागसेनानं दहाच भिक्षू बरोबर आणावेत. राजा त्यालाच दटावतो. आम्हाला काय जेवू घालता येत नाही? त्यांना हवे तितके आणू देत.