नव्या ट्रकचालकाला जवळचे काम दुर्मिळ

रोज रात्री घरी परतता यावे, ही नव्या ट्रकचालकाची साधी अपेक्षा असते. ती बहुधा फोल ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत. त्याच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असावा लागतो. आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली. खरी अडचण मात्र परवाना मिळाल्यावर सुरू होते. कळंबोली वा भिवंडीतील मालक लाखोंची गाडी नवख्याच्या हाती देण्यास कचरतो. जवळच्या खेपा विश्वासातल्या जुन्या चालकांकडे जातात. नवख्याच्या वाट्याला लांबचा पल्ला किंवा बदलीचे काम येते. पूर्वी क्लीनर म्हणून उमेदवारी करीतच चालक घडत. खर्च वाचविण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर ठेवणे सोडले आणि ही शाळाच आटत गेली.

उरतो शहरातील टेम्पो. पण ७,५०० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हा २०१७ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम ठेवला. साहजिकच तेथे अवजड परवान्याला वेगळे मोल नाही. शिवाय गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात प्रवेशबंदी. मोबदला खेपेवर असेल, तर हे थांबणे चालकाच्याच माथी. तेव्हा पगार महिन्यावर की खेपेवर, हे आधीच विचारून घेतलेले बरे.