सोलापुरच्या लष्करी अंमलाविषयींच्या तीन लोकसमजुती

सोलापुरच्या इ. स. 1930 सालच्या लष्करी अंमलाविषयीं तीन समजुती येथें वरचेवर ऐकूं येतात. ब्रिटिश हिंदुस्थानांत लष्करी कायदा सोलापुराखेरीज कोठेंच पुकारला गेला नाहीं, ही पहिली. त्यापूर्वीं तीन दिवस सोलापूर स्वतंत्र राज्य होतें, ही दुसरी. चार हुतात्म्यांस त्याच कायद्याखालीं फांशीं दिलें, ही तिसरी. कालानुक्रमाच्या कसोटीस यांपैकीं एकही जशीच्या तशी उतरत नाहीं.

पंजाबांत 1919 सालीं व मलबारांत 1921 सालीं लष्करी कायदा पुकारला गेला होता. पहिलीचा निकाल तेवढ्यानेंच लागतो. दुसरीस आधार आहे, पण थोडका. महात्मा गांधींच्या अटकेनंतर 8 मे रोजीं येथें दंगा व गोळीबार झाला, पोलीस शहरांतून निघून गेले आणि 9 ते 11 मेपर्यंत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं बंदोबस्त राखिला. परंतु बंदोबस्त राखणें निराळें व राज्य स्थापणें निराळें. शिवाय मुलकी सत्ता कोलमडली, हेंच लष्करी अंमलाचें सरकारी समर्थन होतें. सरकारनें जें आरोप म्हणून सांगितलें तेंच लोक भूषण म्हणून सांगतात!

तिसरी समजूत अधिक महत्त्वाची. लष्करी अंमल 12 मे रोजीं सुरू होऊन 30 जून रोजीं उठला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस येरवड्यास फांशीं दिलें तें 12 जानेवारी 1931 रोजीं. त्यांच्यावरील खटला पोलिसांच्या खुनाचा असून तो साधारण फौजदारी न्यायालयांत चालला.

मग लोकांचा विश्वास कां बसतो? वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हीं तीन लागतात, असें शास्त्रकार म्हणतात. आमच्या मतें दंतकथेसही हींच लागतात. दोन घटना अवघ्या कांहीं महिन्यांच्या अंतरानें घडल्या, हा सन्निधि. लष्करी अंमलांत फांशी असंभवनीय वाटत नाहीं, ही योग्यता. आणि अशा मरणास जुलमी कायदाच कारण असावा असें मनास वाटतें, ही आकांक्षा. तिन्ही जुळल्यावर तारीख कोण विचारतो?

तथापि तारीख विचारलीच पाहिजे. सर्व भार 49 दिवसांच्या लष्करी अंमलावर टाकिला म्हणजे नित्याच्या न्यायासनापुढें काय पुरावा आला व तो कसा तोलला गेला, हा प्रश्नच उरत नाहीं. चार पुतळ्यांपुढें नम्र होणाऱ्या नगरानें तो प्रश्न सोडूं नये. ज्यांच्या दप्तरांत त्या दिवसांचीं हस्तपत्रकें, जाहीरनामे वा घरगुती टिपणें असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाऊं न देतां अभ्यासकांस दाखवावीं, अशी आमची विनंती आहे.