पेडल आलं आणि दुसरा ड्रमर गेला

गायक हात हलवत येतो. गिटारवाला पाठीवर एक पिशवी टाकून येतो. ड्रमरला मात्र टेम्पो लागतो, आणि टेम्पोचे पैसे वजा जाता मानधनातलं काय उरलं याचा हिशेब तो परतीच्या वाटेवर करत असतो. मी पुण्यातल्या छोट्या कॅफेंमध्ये ड्रम वाजवतो. त्यामुळे 'सहज नेता येईल असा छोटा ड्रमसेट' हा माझ्यासाठी थेट पाठीच्या मणक्याचा विषय आहे. असे सेट हल्ली बरेच मिळतात, आणि त्यांच्या जाहिराती पाहिल्या की वाटतं, ही कल्पना कुणाला तरी कालच सुचली असावी.

पण मागे जाऊन वाचायला लागलो तर वेगळंच चित्र दिसलं. ड्रमसेट छोटा करण्याचा इतिहास हाच ड्रमसेटचा इतिहास आहे. हे वाद्य जन्माला आलं तेच जागा आणि माणसं कमी करण्यासाठी. त्यातली जागा किती वाचली हे सगळे सांगतात. कमी झालेल्या माणसांचं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

खुर्चीवर ठेवलेला स्नेअर

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेतला एखादा ब्रास बँड डोळ्यांसमोर आणा. बेस ड्रम एकाकडे, स्नेअर दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे. रस्त्यावरच्या मिरवणुकीत हे ठीक होतं, रस्ता रुंद असतो. पण हेच लोक संध्याकाळी नाचघरात किंवा नाट्यगृहात वाजवायला गेले की अडचण व्हायची. रंगमंचासमोरच्या अरुंद खळग्यात अख्खा वाद्यवृंद बसवायचा, आणि मालकाला प्रत्येक डोक्यामागे पैसे मोजायचे.

यावर ड्रमरांनीच एक युक्ती काढली. स्नेअर खुर्चीवर तिरका ठेवायचा, शेजारी बेस ड्रम उभा करायचा, आणि हातातल्या काठ्यांनी एकदा हा, एकदा तो, असं दोन्ही वाजवायचं. याला 'डबल ड्रमिंग' म्हणत. १८९०च्या दशकाच्या शेवटी इंडियानापोलिसमधल्या युलिसिस लीडी या नाट्यगृहातल्या ड्रमरनं स्नेअरसाठी घडीचा स्टँड बनवला आणि खुर्ची सुटली. नेता येईल अशा ड्रमसेटची पहिली मोठी पायरी ही, एक घडीची तिवई.

पण हातांची ओढाताण तशीच होती. ती सोडवायला पाय कामाला लावायला हवा होता. न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन रोबिशो यांच्या वाद्यवृंदातला डी डी चँडलर १८९०च्या दशकातच घरी बनवलेल्या लाकडी पेडलनं बेस ड्रम वाजवत होता. तशी पेडलं इतरही काहींनी केली होती. बरीचशी ड्रमच्या वरच्या कडेला टांगलेली असत, दांडा लांब असे, त्यामुळे ठोका सावकाश पडे. रॅगटाइमच्या उड्या मारणाऱ्या तालाला ती पुरी पडेनात.

शिकागोतला विल्यम लुडविग हा जर्मनीहून आलेला ड्रमर याच अडचणीत सापडला होता. त्यानं आधी लाकडात एक नमुना तयार केला, मग यंत्रकाम जाणणाऱ्या मेव्हण्याच्या मदतीनं तो धातूत आणला. हे पेडल जमिनीवर बसायचं, ड्रमच्या खालच्या कडेला अडकायचं, आणि ठोकळा थोड्याशा अंतरातून येऊन आदळायचा. १९०९ मध्ये विल्यमनं भाऊ थिओबाल्डबरोबर त्याचा कारखाना काढला. पिशवीत मावेल एवढी ही वस्तू. पण तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे झाले, आणि आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो शक्य झाला.

दुसऱ्या ड्रमरची गरज मात्र तिथेच संपली.

ड्रमच्या पोटातला दिवा

हात मोकळे झाल्यावर ते रिकामे कसे राहतील? बेस ड्रमभोवती दांड्या आणि ट्रे लागले. त्यावर लाकडी ठोकळे, गाईच्या गळ्यातल्या घंटा, शिट्ट्या, चीनहून आलेले छोटे टॉम-टॉम. या सगळ्या पसाऱ्याला 'ट्रॅप्स' म्हणत. 'कॉन्ट्रॅप्शन', म्हणजे काहीतरी जुगाडू यंत्र, या शब्दाचं ते लहान रूप असावं असं बहुतेकजण मानतात. मूकपटाच्या पडद्याखाली बसलेला ड्रमर आगगाडीची शिट्टी, घोड्याच्या टापा, दारावरची थाप हे सगळं एकटा काढायचा. युरोपी फौजेचा स्नेअर, तुर्की झांज, चिनी टॉम आणि आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताल, हे सगळं एका स्टुलाभोवती आलं.

फिरतीचा खरा त्रास चामड्याचा होता. तेव्हा ड्रमवर वासराचं कातडं असायचं. दमट हवेत ते सैल पडे, कोरड्यात ताणलं जाई. तबल्याची पुडी पावसाळ्यात कशी बसते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे सांगायला नको. मग बेस ड्रमच्या पोटात विजेचा दिवा बसवू लागले. त्याच्या उबेनं कातडं ताठ राही. पुढच्या कातड्यावर निसर्गदृश्य रंगवलेलं असेल तर ते आतून उजळायचं. लोकांना ती सजावट वाटे, पण मूळ कारण हवेतली ओल. मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर, जिथे १९१८ ते १९२१ या काळात बेबी डॉड्स ड्रम वाजवत होता आणि त्याच बँडमध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग होता, तिथल्या ओलीची कल्पनाच केलेली बरी. हा प्रश्न सुटला तो १९५०च्या दशकाच्या मध्यावर, प्लास्टिकची पानं आली तेव्हा.

तोवर ट्रॅप्सवाले संपलेही होते. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला, पाठोपाठ बोलपटांची लाट आली, आणि थिएटरांमधल्या हजारो वादकांचं काम काही वर्षांत गेलं. ज्या ड्रमरनं तिघाचौघांचं काम एकट्यानं पेललं होतं, त्याचं काम आता फिल्मच्या कडेवरची एक पट्टी करू लागली.

गंमत अशी की मुंबईत हीच घटना उलटी घडली. १४ मार्च १९३१ला मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, आणि बोलपटानं इथे वादकांना काम दिलं, कारण आपल्याकडच्या बोलपटाला गाणी हवी होती. हॉटेलांतल्या बँडबरोबर ड्रमसेट शहरात आलेलाच होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याचे आणि पारशी वादक रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा स्टुडिओत जात. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ड्रम आणि लॅटिन तालवाद्यं रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचं नाव मानानं घेतलं जातं. पुढे त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी त्याच वाटेनं गेले.

छोटा केला की काय बिघडतं

सेट आखडायचा तर सगळ्यांत मोठी वस्तू आधी हातात घ्यावी लागते, म्हणजे बेस ड्रम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो २८ इंचांचा असणं नेहमीचं होतं. आज साधारण २२ इंचांचा असतो. तो १६ इंचांवर आणला तर काय होईल?

ताण तेवढाच ठेवला तर स्वर व्यासाच्या उलट प्रमाणात चढतो. २२ वरून १६ म्हणजे जवळजवळ १.४ पट. षड्जावर असलेला ठोका शुद्ध मध्यम ओलांडून तीव्र मध्यमाकडे सरकला म्हणा. तो खाली आणायला ताण जवळजवळ निम्मा करावा लागतो. मग पान इतकं सैल पडतं की ठोकळा उसळून परत येत नाही, आणि 'धम्म'ऐवजी 'थप्प' ऐकू येतं. शिवाय पेडलचा ठोकळा मोठ्या ड्रमच्या मध्यावर पोचेल अशा उंचीचा असतो. १६ इंची ड्रमचा मध्य जमिनीपासून फक्त ८ इंचांवर, म्हणून ठोकळा वरच्या भागात आदळतो आणि आवाज आणखी पोकळ होतो. ड्रम उचलून घ्यायला खाली एक पाट द्यावा लागतो. आणि ड्रम छोटे झाले तरी स्टँडचं लोखंड तेवढंच राहतं. पाठ दुखते ती ड्रममुळे कमी आणि या लोखंडामुळे जास्त.

कधीकधी मात्र ही तडजोडच आवाज घडवते. १९५० आणि ६०च्या दशकांत न्यू यॉर्कच्या छोट्या क्लबांत १८ इंची बेस ड्रम आले. टॅक्सीत मावतात म्हणून, असं ड्रमर सांगतात. त्यांचा स्वर वरचा, गुंजणारा, टॉमसारखा. १९६३ मध्ये सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये असाच ड्रम घेऊन बसला, आणि हा आवाज जॅझचा आवाज झाला. आज मोठी जागा असली तरी जॅझवाले १८ इंचीच मागतात.

आणि काहींकडे ड्रम नव्हताच. पेरूमध्ये आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी मालाच्या खोक्यांवर ताल धरला. त्यातून कहोन आला, ज्याच्यावर बसून जो वाजवायचा ती लाकडी पेटी. १९७०च्या दशकाच्या शेवटी गिटारवादक पाको द लुसिया यांनी तो लिमात ऐकला आणि स्पेनला नेला. आज कॅफेतल्या निम्म्या कार्यक्रमांत ड्रमसेटच्या जागी तोच दिसतो. ज्यांना ढोल बाळगणं सोपं नव्हतं, त्यांच्या खोक्यावर आज जगभरचे फिरते वादक बसतात.

सगळ्यांत छोटा सेट

१९८० मध्ये रॉजर लिन यांचं एलएम-१ हे यंत्र आलं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेले होते. किंमत सुमारे पाच हजार डॉलर, आकार एका टेबलावर मावणारा. त्याच वर्षी रोलँडचं टीआर-८०८ आलं. ते आवाज इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून घडवायचं. आखडत जाण्याचं गणित इथे पूर्ण झालं. स्टँड नाही, कातडं नाही, माणूसही नाही. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत १९९०च्या दशकात कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आलं, तेव्हा बोलपटानं कामाला लावलेल्या वादकांच्या पुढच्या पिढ्या घरी बसल्या. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आत्ता एखादं ड्रम ॲप असेल, तर ते याच रांगेतलं आहे.

म्हणून मला २०१३ नंतरचे छोटे सेट महत्त्वाचे वाटतात. त्या वर्षी लुडविगनंच ड्रमर क्वेस्टलव्हबरोबर 'ब्रेकबीट्स' काढला. बेस ड्रम १६ इंची, खाली तो उचलून धरणारा पाट, आणि नेण्याच्या पिशव्याच ड्रमवर टाकून आवाज दाबायचा. न्यू यॉर्कच्या छोट्या घरांत आणि छोट्या मंचांवर वाजवता यावं, एवढीच अपेक्षा. हल्ली एकात एक बसणारे सेटही मिळतात, भातुकलीच्या डब्यांसारखे.

१९०९ चं पेडल आणि २०१३ चा पाट, दोन्ही पायाशी बसणाऱ्या छोट्या वस्तू, एकाच नावाच्या. पहिलीनं दोन ड्रमरांचा एक ड्रमर केला. दुसरीनं, यंत्रं सगळं करू लागल्यानंतरही, त्या उरलेल्या एकाला मंचावर पोचवलं. आवाज थोडा पातळ होतो, मान्य. पण तो ठोका चुकू शकतो, समोरच्या गायकासाठी थांबू शकतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला चहा विचारता येतो.